थोर चित्रकार आणि मुलांचा चित्रवर्ग

वऱ्हाडांतील जुन्या घरांतून, विशेषतः माजघराच्या भिंतीवर, कांचेच्या चौकटींत बसविलेली लक्ष्मी किंवा सरस्वती अद्यापहि क्वचित् दृष्टीस पडते. कागदाच्या कडा वाळवीनें खाल्लेल्या असतात, कमळाचा गुलाबी रंग विटलेला असतो, आणि खालच्या बाजूस राजा रविवर्म्याचें नांव कसेंबसें वाचतां येतें. यवतमाळास आमच्या घरींहि असें एक सरस्वतीचें चित्र आहे. गेल्या पोळ्याच्या सुमारास शेजारपाजारच्या दहाबारा मुलांसाठीं रविवारचा एक चित्रवर्ग मीं हौसेनें सुरू केला, तेव्हां पहिला धडा म्हणून तेंच चित्र भिंतीवरून उतरवून मुलांपुढें ठेवलें. थोर चित्रकाराची कृति समोर असली म्हणजे मुलांस स्फूर्ति होईल, अशी माझी समजूत. मुलांनीं निमूटपणें कागदावर चौकटी आंखल्या आणि एकेका चौकटींतील रेषा तीं उतरवून घेऊं लागलीं. तासाभरानें बारा सरस्वत्या तयार झाल्या. बाराहि सारख्या आणि बाराहि निर्जीव. इतक्यांत आठनऊ वर्षांच्या एका मुलीनें मान वर करून विचारलें, "काकाजी, त्यायनं हे कायच्यावरून उतरवलं?"

या प्रश्नाला मजजवळ तयार उत्तर नव्हतें. त्या मुलीच्या समजुतीप्रमाणें चित्र हें दुसऱ्या एखाद्या चित्रावरूनच निघतें. तेव्हां रविवर्म्यापुढेंहि कोणी तरी एक चित्र मांडून ठेवलें असलेंच पाहिजे. तिचा यांत कांहीं दोष नाहीं. आजवर तिला हेंच शिकविलें गेलें होतें, आणि त्या दिवशीं तें शिकविणारा मीच होतों. मीं वेळ मारून नेली. परंतु पुढील आठवडाभर तो प्रश्न मनांत घोळत राहिला. आणि ज्या चित्रकारांचीं नांवें आपण मुलांपुढें आदर्श म्हणून घेतों ते स्वतः कसे शिकले, हें पाहावें म्हणून कपाटांतील जुनीं पुस्तकें खालीं काढलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

रविवर्म्याचीच गोष्ट प्रथम घेऊं. १८४८ सालीं त्रावणकोरांतील किळिमानूर येथें जन्मलेल्या या मुलानें वाड्याच्या भिंती कोळशाच्या चित्रांनीं भरून टाकल्या होत्या, अशी कथा त्याच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. घरांतील मंडळींनीं कपाळास आंठ्या घातल्या असतील. पण मामा राजराज वर्मा हे स्वतः चित्रें काढीत असत, त्यांना त्या काळ्या रेषांत कांहीं वेगळें दिसलें आणि त्यांनीं भाच्याला शिकविण्यास आरंभ केला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा त्रिवेंद्रमच्या दरबारीं गेला. तैलरंगांची विद्या त्या काळीं तेथें थोड्यांनाच अवगत होती आणि ज्यांना होती ते ती दुसऱ्यास देण्यास राजी नव्हते. दरबारचा चित्रकार रामस्वामी नायकर यानें तिचें रहस्य या मुलास सांगण्याचें नाकारलें. १८६८ सालीं थिओडोर जेन्सन नांवाचा युरोपियन चित्रकार राजघराण्यांतील तसबिरी काढण्यास आला; त्यानेंहि शिकविलें नाहीं, मात्र आपण काम करीत असतां जवळ उभें राहून पाहण्याची मुभा दिली. वीस वर्षांच्या तरुणानें उभ्या उभ्या जें टिपलें तेंच त्याचें भांडवल. पांच वर्षांनंतर, १८७३ सालीं, व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनांत त्याच्या चित्राला पारितोषिक मिळालें. तें चित्र होतें केशभूषा करीत असलेल्या एका नायर स्त्रीचें. आपल्या भोवतीं रोज वावरणाऱ्या स्त्रियांपैकीं एकीचें.

पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं पौराणिक प्रसंगांचीं चौदा चित्रें सांगितलीं, तेव्हां रविवर्मा एकदम फलकापुढें बसला नाहीं. देवदेवतांना कोणता पेहराव द्यावा याचा निश्चय करण्यासाठीं तो हिंदुस्थानभर हिंडला. निरनिराळ्या प्रांतांच्या स्त्रिया कशा नेसतात, कोणते दागिने घालतात, कशा उभ्या राहतात हें त्यानें डोळे भरून पाहिलें. तेव्हां त्या मुलीला द्यावयाचें उत्तर हें होतें: रविवर्म्यानें आपली सरस्वती चालत्याबोलत्या बायकांवरून उतरविली. परंतु आमच्या घरच्या चित्रांत या खटाटोपाची एकहि खूण उरलेली नाहीं, आणि त्याला कारण छापखाना. १८९४ सालीं मुंबईस रविवर्म्यानें शिळाछापाचा कारखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें नेला आणि अखेर आपल्या जर्मन तंत्रज्ञास विकला. कारखान्यांतून निघालेलीं चित्रें देशभर गेलीं. बंगालच्या नव्या संप्रदायाच्या कैवाऱ्यांनीं रविवर्म्यावर फार कडक टीका केली, आणि आजहि पुष्कळ सुशिक्षित मंडळी त्याचें नांव निघतांच किंचित् हंसतात. मला ती टीका अर्धीच पटते. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्याजवळ जाण्याची बंदी होती त्यांच्याहि झोंपडींत या कागदांतून देवी आल्या, हें विसरून कसें चालेल? मात्र मुलाच्या दृष्टीनें त्यांत एक उणीव आहे. छापील चित्रांत खाडाखोड नाहीं, पुसलेली रेषा नाहीं, चुकलेला हात नाहीं. तें आभाळांतून पडल्यासारखें दिसतें, आणि आभाळांतून पडलेल्या वस्तूची नक्कल करण्यापलीकडे मुलाला दुसरें काय सुचणार?

नकलेची ही संवय आपल्या शाळांत आली कोठून, हेंहि पाहण्यासारखें आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून १८५७ च्या मार्च महिन्यांत मुंबईस चित्रशाळा सुरू झाली आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील शिक्षणपद्धतीनें तेथें आपलें ठाणें दिलें. त्या पद्धतीचा मूळ हेतु चित्रकार घडविण्याचा नव्हताच; कारखान्यांतून सुबक नक्षीचा माल निघावा म्हणून हात आणि डोळा तयार असलेले कारागीर तिला हवे होते. म्हणून प्रथम सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग छापील नमुन्यावरून पानेंफुलें आणि शेवटीं प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे, अशी चढण बांधलेली होती. तीच घडी पुढें परीक्षांच्या रूपानें गांवोगांवच्या शाळांत पोंचली. 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमीजिएट' हे दोन शब्द माहीत नाहींत असें मराठी मध्यमवर्गीय घर विरळा. त्या परीक्षा आतां महाराष्ट्राचें कला संचालनालय घेतें, आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या पायऱ्या आजहि मुलें चढत असतात. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतु नाहीं. या परीक्षा नसत्या तर पुष्कळ तालुक्यांच्या गांवीं चित्रकलेचा शिक्षकच नेमला गेला नसता, हें मला ठाऊक आहे. पण स्मरणचित्र हा जो त्यांतील सर्वांत जिवंत विषय, त्याचीहि तयारी मुलें आतां बाजारांतल्या नमुन्यांच्या पुस्तकांवरून करतात. बाजार, जत्रा, पोळा, जें काय विचारतील त्याचें चित्र आधींच पाठ! स्मरण आपलें, पण आठवण दुसऱ्याची.

याच शाळेंतून आणि याच शिस्तींतून रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर निघाले, म्हणून शिस्तीलाच सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. कोल्हापुरास १८६७ सालीं जन्मलेले धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या चित्रशाळेंत विद्यार्थी म्हणून आले. त्याच शाळेंत ते शिक्षक झाले, पुढें संचालकाच्या खुर्चीवर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ झाले, आणि १९४० सालीं त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या त्यांचें नांवच मुळीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असें ठेविलें. पुतळ्यांवरून केलेल्या अभ्यासानें त्यांची रेषा पक्की झाली हें खरेंच. परंतु ती रेषा त्यांनीं नेली कोठें, हें पाहिलें पाहिजे. कोळीण, भाजीवाली, लग्नघरांतील गर्दी, पाणवठ्यावरून परतणाऱ्या बायका! ऑटो रोथफेल्ड या इंग्रज लेखकाच्या 'हिंदुस्थानांतील स्त्रिया' या विषयावरील ग्रंथासाठीं त्यांनीं काढलेलीं चित्रें पाहिलीं म्हणजे पदराच्या एका घडीवरून जात, प्रांत आणि पेशा ओळखणारा डोळा कसा असतो तें कळतें. मुलांपुढें धुरंधर ठेवावयाचे तर हीं रस्त्यांतलीं माणसें ठेवावींत. मोठ्या ऐतिहासिक प्रसंगांचीं चित्रें मागाहून.

कोल्हापूरचेच अबालाल रहिमान यांची कथा याहून निराळी आहे आणि मला ती मुलांना सांगावीशी वाटते. मुंबईच्या चित्रशाळेंत उत्तम नांव मिळवून हा मनुष्य परत कोल्हापुरास गेला आणि तेथेंच राहिला. शाहूमहाराजांचा आश्रय होता. पण त्याची खरी मिळकत म्हणजे रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा कांठ. तेंच पाणी सकाळीं, तेंच संध्याकाळीं, तेंच ढगाखालीं, असें तो वर्षानुवर्षें रंगवीत राहिला. १९२२ सालीं शाहूमहाराज निवर्तले, तेव्हां शोकाच्या भरांत त्यानें आपलीं असंख्य चित्रें पाण्यांत बुडविलीं असें कोल्हापुरांत सांगतात. १९३१ सालीं तो वारला. चित्र काढण्यासारखें आपल्या गांवांत कांहीं नाहीं, अशी तक्रार आमच्या यवतमाळचीं मुलें नेहमीं करतात. त्यांना हा चित्रकार भेटावयास हवा.

आतां नकलेचा इतिहास सांगतांना अजिंठ्याला टाळून पुढें जातां येत नाहीं, आणि यवतमाळच्या माणसाला तर मुळींच नाहीं. कारण अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा जो भरभराटीचा काळ, तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. आणि वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत हरिषेण राजा तेथें राज्य करीत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव यानें सोळाव्या क्रमांकाचें लेणें कोरवून त्यावर आपल्या धन्याच्या वंशाचा शिलालेख लिहविला. आमचा पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांतच होता. त्या सालीं तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळाकडे आलें. म्हणजे अजिंठ्याचे धनी पुसदकरांचे शेजारीच ठरतात. इतकें असून येथील शाळांत अजिंठा शिकवितात तो कोठल्या तरी परमुलखांतील आश्चर्य म्हणून. हें मला नेहमीं खटकत आलें आहे.

१८१९ सालीं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस हीं लेणीं पडल्यावर त्यांतील चित्रांच्या नकला करण्याचा उद्योग सुरू झाला. मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल १८४४ सालीं या कामावर नेमला गेला आणि वर्षांमागून वर्षें त्या दरींत राहून त्यानें मोठमोठ्या नकला काढल्या. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तींत त्या जवळजवळ सर्व जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या चित्रशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेथें जाऊं लागले आणि १८८५ पर्यंत पुनः नकला केल्या. त्यांतील पुष्कळ साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेल्या. उरल्यासुरल्यांवरून १८९६ सालीं ग्रिफिथ्सचा मोठा ग्रंथ निघाला. या मुंबईच्या पोरांनीं अंधारांत, वटवाघळांच्या घाणींत, मचाणावर उभें राहून जें काम केलें, त्याला मी नक्कल म्हणण्यास कचरतों. मिटत चाललेल्या प्रत्येक रेषेपाशीं त्यांना थांबावें लागलें. हा हात असाच कां वळला, हें स्वतःला विचारावें लागलें. आमच्या बारा सरस्वत्यांत आणि त्यांत हाच फरक. पण या उद्योगालाहि एक दुसरी बाजू आहे, ती लपवूं नये. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर वार्निश चढविण्यांत आलें, तें पुढें पिवळें-काळें पडलें, आणि नकलेच्या पायीं मूळ चित्रांची हानि झाली.

नक्कल करणारे थोर चित्रकार कांहीं थोडे नाहींत. हल्लीं शहरांतल्या चित्रवर्गांतून व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीची मोठी चलती आहे. वीस मुलें बसतात आणि निळ्या आभाळांत वीस भोंवरे फिरवून घरीं नेतात. ती रात्र त्यानें १८८९ सालीं सेंट रेमी येथील रुग्णालयांत असतां रंगविली. त्याच दिवसांत तो मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरूनहि काम करीत होता. पण समोर होते ते काळे-पांढरे छाप, आणि रंग सारे त्याला स्वतःच्या मनांतून आणावे लागले. अशी नक्कल मुलांकडून करवून घ्यावी, माझी हरकत नाहीं.

१९०९ पासून लेडी हेरिंगहॅम या बाईंच्या पुढाकारानें अजिंठ्यास पुनः नकला झाल्या. त्या कामावर कलकत्त्याहून जे तरुण आले त्यांत नंदलाल बोस होते. लेण्यांतील भिंतींपुढें उभें राहून त्यांनीं जें घेतलें तें पुढें केवढें फळाला आलें हें महाराष्ट्रानें प्रत्यक्ष पाहिलें आहे. १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर या खेड्यांत काँग्रेसचें अधिवेशन भरलें. गांधीजींनीं त्याच्या शोभेचें काम नंदलालांवर सोंपविलें, आणि बांबू, तट्टे व खेड्यांत सहज मिळेल तेंच साहित्य वापरून त्यांनीं तें नगर सजविलें. दोन वर्षांनीं हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठीं त्यांनीं मातीच्या रंगांनीं हातकागदावर फलक रंगविले. त्यांत सुतार आहे, कुंभार आहे, ढोलकें वाजविणारा आहे, बैलाला आवरणारा गडी आहे. अजिंठ्याची रेषा, आणि तिनें धरलेला खेडूत!

नंदलालांचे एक शिष्य देवीप्रसाद हे शांतिनिकेतनांतील शिक्षण संपवून १९४४ सालीं सेवाग्रामास आले आणि नई तालीमच्या शाळेंत मुलांना कला शिकवूं लागले. सेवाग्राम यवतमाळ जिल्ह्याला किती जवळ! मध्यें फक्त वर्धा नदी. १९३७ च्या वर्धा शिक्षणपरिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें जो अभ्यासक्रम आंखला त्यांत सूतकताईबरोबर चित्रकला आणि संगीत यांनाहि स्थान दिलेलें होतें, ही गोष्ट टीकाकारांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. देवीप्रसाद तेथें १९६२ पर्यंत राहिले. मुलाच्या चित्राला मोठ्या माणसाच्या चित्राचें माप लावूं नये, मुलानें आपल्या अनुभवांतून रेखाटावें, आणि शिक्षकानें त्याच्या हातावर आपला हात ठेवूं नये, या मतावर त्यांनीं शाळा चालविली आणि त्यावर ग्रंथहि लिहिला. तिकडे व्हिएन्नांत फ्रान्झ सिझेक यानें १८९७ सालींच मुलांचा असा एक वर्ग काढला होता. ज्या नगरींत रविवर्म्याला पारितोषिक मिळालें, तेथेंच पाव शतकानें मुलांना नकलेंतून सोडविणारा वर्ग निघावा, हा योगायोग मोठा गमतीचा वाटतो. आमच्या जिल्ह्याला मात्र व्हिएन्नाचें सोडाच, नदीपलीकडच्या सेवाग्रामचेंहि वारें फारसें लागलेलें दिसत नाहीं.

हें सर्व वाचून झाल्यावर दुसऱ्या रविवारीं मीं सरस्वतीला पुनः भिंतीवर टांगलें आणि मुलांना रविवर्म्याची कोळशाची गोष्ट सांगितली. ती मुलगी लक्षपूर्वक ऐकत होती. गोष्ट संपतांच तिनें विचारलें, "मंग त्या भिती पुसल्या कोनं?" याचेंहि उत्तर कोठल्याच चरित्रांत मला सांपडलेलें नाहीं. त्यानंतर ग्रिफिथ्सच्या ग्रंथांतील नकलांचे फोटो मीं मुलांना दाखविले. दुसऱ्या लेण्यांत हंसांची एक रांग आहे. हंस तेवीस, पण एकाची मान दुसऱ्यासारखी नाहीं. मुलांनीं ते मोजले आणि दोन सारखे हंस सांपडतात का याची पैज लावली. कोणीच जिंकलें नाहीं. पहिल्या लेण्यांत झुंजणारे दोन बैल रंगविले आहेत, तेथें मात्र सारीं एकदम ओरडलीं. नुकताच तान्हा पोळा होऊन गेला होता, आणि आमच्याकडे त्या दिवशीं मुलें आपापले लांकडी बैल सजवून मिरवितात. मीं सांगितलें, आपल्या घरच्या पोळ्याचें चित्र काढा. पाहावयाचें असेल तर घरीं जाऊन पाहून या, पुस्तक उघडूं नका.

संध्याकाळपर्यंत चित्रें जमलीं. एकाचा बैल घरापेक्षां उंच होता. एकीनें झूल इतकी भरली कीं बैल त्याखालीं दडून गेला. सरस्वतीपुढें मान खालीं घालून बसलेलीं हीं तींच मुलें, हें खरें वाटेना. एका मुलाच्या कागदावर मात्र बैलच नव्हता. गोठ्यांतला खुंटा, त्याला गुंडाळून ठेवलेलें दावें, आणि भिंतीला टेकवून उभें केलेलें जूं, एवढेंच त्यानें कोळशानें काढलें होतें, आणि खालची जमीन रिकामी सोडली होती. माझ्या तोंडांतून जुन्या संवयीनें निघून गेलें, "अरे, पोळ्याच्या चित्रांत बैल नको का?"

"इकले काकाजी," तो म्हणाला. "औंदा आमच्या घरी लाकडाचाच होता. पन तो तं लहान भावाचा हाये."

मीं त्या चित्राला हात लावला नाहीं. सरस्वतीच्या शेजारीं एक खिळा रिकामा होता, तेथें तो कागद टांचून ठेवला. पुढल्या रविवारीं तो मुलगा लवकर आला आणि बराच वेळ त्या दोन चित्रांपुढें उभा राहून मोराच्या पिसाऱ्याकडे पाहत होता.